नाटकातला माइक आणि आपला आवाज



भाऊबीज झाली, धान कापून पुंजणे रचले, की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरायला लागते. आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, आणि जेवणं उरकून आपण सगळ्या सतरंजी, शाल घेऊन मंडपात जाऊन बसतो ते उजाडेपर्यंत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या या रंगभूमीचं मोठं केंद्र म्हणजे वडसा. २०२३ मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणींनी म्हटलं असेल, "यांचं नाटक आम्ही पाहिलं आहे."

गेल्या काही वर्षांत मात्र मंडपात गेलं की आधी डोळे दिपतात. रंग बदलणारे दिवे, धूर सोडणारं यंत्र, कुठे कुठे मागे मोठा पडदा, त्यावर हलणारं चित्र. हे सगळं कसं चालतं आणि आपण गटाचं नाटक बसवताना यातलं काय घ्यावं, हे आज बोलू. कारण यात आम्ही एकदा चांगल्याच फसलो आहोत.

तसं यंत्र नाटकात आजच आलं असं नाही. १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरता रंगमंच होता. एक प्रवेश संपला की मंच फिरायचा आणि पुढची जागा तयार. लोकांनी त्याचं कौतुकच केलं.

आधी माइकचं पाहू. उघड्यावर आवाज लवकर विरतो. आपण बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब गेलो की आवाजाचा जोर चौथाईवर येतो. म्हणून जुने नट गळा काढून बोलत. मग मंचावर दोरीने टांगलेले माइक आले. नट त्याच्याखाली येऊन वाक्य टाकतो आणि बाजूला होतो, हे आपण नेहमी पाहतो. आता कपड्याला लावायचा बिनतारी माइकही मिळतो. त्यात एक छोटा डबा कमरेला असतो, तो आवाज रेडिओसारखा हवेतून पाठवतो. सोय मोठी, पण घामाने तो बिघडतो, आणि सेल संपला की ऐन वाक्यात नट मुका होतो.

आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी? भोंग्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. असं चक्र सुरू झालं की शिट्टी वाजते. म्हणून भोंगे माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवायचे. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

दिव्यांचा हिशोब आपल्याला लगेच कळेल. जुना १,००० वॅटचा दिवा तासभर जळला की एक युनिट. असे दहा दिवे सहा तास लावले तर ६० युनिट. त्या जागी १५० वॅटचे दहा एलईडी दिवे लावले तर ९ युनिट. जनरेटर असेल तर डिझेलही वाचतं. शिवाय जुन्या दिव्याखाली चेहऱ्याचा रंग ओघळायचा, तो त्रास कमी. हा बदल आम्हाला मनापासून पटला.

मागच्या हलत्या चित्राचं तसं नाही. डोळा नेहमी जास्त उजेडाकडे जातो. मागे झगझगीत धबधबा पडत असेल तर पुढे रडणाऱ्या बाईचा चेहरा कोण पाहणार? रंगवलेला महालाचा पडदा बिचारा गप्प तरी बसायचा.

आता आमची गोष्ट. महिला दिनाला गटातल्या बायकांनी दारूबंदीवर छोटं नाटक बसवलं होतं. कोणीतरी सुचवलं, संवाद आधीच रेकॉर्ड करून घ्या, कोणी विसरणार नाही, माइकचं भाडं वाचेल. मोठ्या खेळात असं करतातच. 'जाणता राजा'मध्ये शंभरावर कलाकार, घोडे, एवढं मोठं मैदान. तिथे आवाज आधी रेकॉर्ड केलेला असतो आणि नट त्यावर अभिनय करतात. आम्हाला वाटलं, मग आपण का नाही? तालुक्याला जाऊन रेकॉर्डिंग केलं. मुख्य भूमिका करणाऱ्या काकूंची बोली झाडीची, म्हणून त्यांच्या जागी एका शहरातल्या मुलीचा 'स्वच्छ' आवाज घेतला. हा सल्ला आमचाच होता, हे सांगायला आज लाज वाटते.

खेळाच्या रात्री मधेच लाइट गेली. जनरेटर सुरू झाला तेव्हा पेनड्राइव्ह पहिल्यापासून वाजू लागला. मंचावर काकू नवऱ्याच्या हातातली बाटली हिसकावत होत्या आणि भोंग्यातून लग्नाची बोलणी चालली होती. लोक हसून लोटपोट. पण खरी चूक त्याआधीच झाली होती. समोरून एका बाईने ओरडून विचारलं, "अन् मारलं तं कुठं जाशील?" आपल्याकडे नट अशा वेळी थांबतो, उत्तर देतो, मंडप पेटतो. काकूंकडे उत्तर होतं, त्यांनी ते जगलेलं होतं. पण रेकॉर्डिंग थांबेना, त्या नुसते ओठ हलवत राहिल्या. घरी जाताना म्हणाल्या, "माह्या तोंडातून दुसरीच बोलत होती." पुढच्या सरावाला त्या आल्याच नाहीत.

त्यांना परत आणायला आम्हाला दोनदा घरी जावं लागलं. त्यांची अट एकच, मी माझ्या बोलीत बोलेन. या वेळी चार टांगते माइक भाड्याने घेतले. पावसाचा आवाज आणि लग्नातली सनई एवढंच रेकॉर्ड केलेलं वाजवलं, आणि ते बटण गटातल्याच एका मुलीच्या हातात दिलं. काकू थांबल्या की तीही थांबायची. आठवडाभरात ती मिक्सरवर कोणत्या माइकचा आवाज कधी वाढवायचा हेही शिकली. साउंडवाले भाऊ आधी कुरकुरले, नंतर खुर्ची सोडून चहाला गेले.

तुम्ही नाटक ठरवत असाल तर मंडपवाल्याला आधीच विचारा: जनरेटर किती भार घेतो, अर्थिंगची तार जमिनीत नीट पुरली आहे का, वायर लोकांच्या पायाखालून जाते का. लहान मुलं वायरवरच बसतात. सराव एकदा तरी माइकखाली करा, म्हणजे किती जवळ उभं राहायचं ते पायांना कळतं. आणि मंचाच्या बाजूला दोन टॉर्च ठेवा. आमच्या दुसऱ्या खेळातही लाइट गेलीच होती. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मोबाइलचे उजेड धरले आणि काकू माइकशिवाय, गळा काढून बोलत राहिल्या.