पळते ती संथ दिसते

आडवी जाणारी गाडी पळताना दिसते. आपल्याच रोखाने येणारी गाडी मात्र पळत नाही, ती नुसती फुगते. आधी ठिपका, मग काडेपेटी, मग एकदम कपाट! रस्ता ओलांडायला वेळ आहे की नाही, हे आपला मेंदू बराचसा या फुगण्यावरूनच ठरवतो, तेही आपल्याला न कळवता.

गंमत पुढेच आहे. समजा, दोन सारख्याच मोटारी आपल्यापासून 5 सेकंदांवर आहेत. ताशी 30 किलोमीटरने येणारी सुमारे 42 मीटरवर असेल, 60 ने येणारी 83 मीटरवर. दुप्पट लांब म्हणून दुसरी दिसते निम्मी, आणि फुगतेही निम्म्याच गतीने. म्हणजे जी भरधाव, तीच डोळ्याला संथ! दुचाकी तर अंगानेच अरुंद, तिचं फुगणं आणखी कमी जाणवतं. आपल्या रस्त्यांवर दुचाक्या किती, हे वेगळं सांगायला नको.

मोठ्यांचे डोळे हे कोडं बऱ्यापैकी सोडवतात. मुलांचे नाही. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठात जॉन वान आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही नजर तपासली. 2011 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की ताशी 20 मैलांच्या, म्हणजे 32 किलोमीटरच्या वर वेग गेला की काही परिस्थितींत गाडी जवळ येतेय हेच मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. ‘समोर बघ की, दिसत नाही का?’ असं आपण खेकसतो, तेव्हा खरं उत्तर ‘नाही’ असू शकतं.

पाच-सात वर्षांच्या मुलांचं तर्कशास्त्रही वेगळं असतं. गाडी दिसत नाही, म्हणजे गाडी नाही. मग पुढे वळण असो, झुडूप असो की उभा टेम्पो. स्कॉटलंडमधल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं.

अशा मुलांना शिकवायचं कसं? तिथल्याच एडिंबरा विद्यापीठातल्या डेव्हिड ली यांनी 1984 च्या सुमारास एक सुरेख युक्ती मांडली: खऱ्या रस्त्याला लागूनच एक खोटा रस्ता. मूल खऱ्या रस्त्यावरच्या गाड्या पाहणार, पण ओलांडणार खोटा. चुकलं तर चुकलं, अंगावर काही येत नाही. अशा सरावाने पाच वर्षांच्या मुलांचेही अंदाज सुधारले. वर्गातल्या तक्त्यावरचा झेब्रा हे शिकवू शकत नाही. तक्त्यावरची गाडी फुगत नाही.

‘उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ हे पाठांतर मात्र वाया नाही. आपण डावीकडून गाड्या चालवतो, त्यामुळे जवळच्या बाजूची पहिली गाडी उजवीकडून येते; म्हणून शेवटची नजर तिकडे. न्यू जर्सीत नातवाकडे गेलेल्या आजोबांना हे उलटं करावं लागतं, आणि तिथे नातूच त्यांचा हात धरतो.

खोटा रस्ता घरीही जमतो. फुटपाथवर मुलाचा हात धरून उभं राहायचं, लांबची एक गाडी निवडायची, आणि ती समोर पोहोचेपर्यंत दोघांनी मिळून आकडे मोजायचे. आधी अंदाज सांगायचा, मग पडताळायचा. फक्त गच्चीवरून नको. तिथून गाड्या आडव्या दिसतात, आणि आडवी पळणारी गाडी तर कुणालाही ओळखू येते.