मत्स्यटाकीला कर्बवायू : नळी सोडली म्हणजे काम झालं नाही

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी ३ लाख रुपये खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद त्यात होती. तेव्हापासून काचेची टाकी हा विषय ग्रामपंचायतीच्या कट्ट्यापर्यंत आला. मासे आले की टाकीत हिरवळ हवीशी वाटते, आणि हिरवळ पिवळी पडायला लागली की दुकानदार कर्बवायूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा दाखवतो. पैसे वाया जातात ते इथं.

आधी गरज आहे का ते बघावं. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया या तळ्यातल्या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात. त्यांना वेगळा वायू देणं म्हणजे पाऊस चालू असताना मोटर चालू करणं. लालसर पानांच्या रोटाला, लुडविजिया अशा जाती दाट वाढवायच्या असतील, वरून प्रखर दिवा असेल, तरच या खर्चाला अर्थ आहे.

शेतात वारा खेळता असतो, त्यामुळे उसाला कर्बवायूचा तोटा नाही. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या मानाने सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो. नळीतून मोठा बुडबुडा सोडला तर तो दोन-तीन सेकंदात वर येऊन फुटतो आणि वायू हवेत जातो. पाटपाण्यासारखंच हे, मोटर चालली, पण मुळाशी किती गेलं? म्हणून किती वायू सोडला यापेक्षा किती विरघळला, यावर साधन निवडावं. बुडबुडा जितका बारीक आणि पाण्यात जितका जास्त वेळ, तितका फायदा.

वायूचा स्वस्त उगम म्हणजे साखर-पाण्यात यीस्ट घातलेली बाटली. गुळावरही चालतं, आणि आपल्याकडे गुळाला काय तोटा! पण गूळ फेस फार करतो. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर हिशेबाने साधारण २८ लिटर वायू मिळतो. मात्र तो वेळ बघत नाही, रात्रीही येतच राहतो. थंडीत मंदावतो, उन्हाळ्यात उसळतो. मधे रिकामी बाटली आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व नसेल तर फेस टाकीत उतरतो. उरलेला द्राव म्हणजे पोलीस ज्याला 'रसायन' म्हणतात त्याचाच भाऊ. तो साठवू नये, कंपोस्ट खड्ड्यात ओतावा.

दुसरा उगम सिलिंडर. कोल्हापूरला तो अनोळखी नाही. फाउंड्रीत सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर घट्ट करायला हाच वायू वापरतात. २५ अंश तापमानाला आत ६४ बारच्या आसपास दाब असतो, म्हणून रेग्युलेटर आणि बारीक सुईचा व्हॉल्व यांत काटकसर करू नये. वायू आत द्रवरूपात असल्याने शेवटपर्यंत काटा हलत नाही. किती उरलाय ते घरगुती गॅससारखं वजनावरूनच कळतं. सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख पाहूनच तो घ्यावा आणि उन्हात ठेवू नये.

आता वायू पाण्यात मुरवायचं साधन. हवेच्या पंपाला लावतात तो साधा दगड यासाठी निरुपयोगी. बुडबुडे जाड येतात. पाण्यात पालथी घातलेली वाटी किंवा घंटा हे सर्वांत साधं. दाब लागत नाही, बाटलीच्या वायूला आणि लहान टाकीला ती पुरते. नागमोडी शिडीचा प्रकारही बाटलीवर चालतो, फक्त जागा खातो. सिरॅमिक चकतीचा डिफ्यूझर धुक्यासारखे बुडबुडे देतो, पण त्याला चांगला दाब हवा. तो साखरेच्या बाटलीला जोडला तर बाटली फुगते, जोड गळतात. सिलिंडर असेल आणि टाकी १०० लिटरच्या आतबाहेर असेल तर मी चकतीच घ्यायला सांगेन. मोठ्या टाकीला फिल्टरच्या नळीत बसणारा रिअॅक्टर किंवा व्हेंच्युरी बरी. ठिबकमधून खत सोडायला आपण व्हेंच्युरी वापरतो, तत्त्व तेच. आणि ठिबकसारखीच इथंही तुंबण्याची कटकट आहे. चकतीवर शेवाळ बसलं की ती ब्लीचच्या पातळ पाण्यात भिजवून, भरपूर धुऊनच परत लावावी. सिलिकॉनच्या नळीतून वायू झिरपतो, पॉलियुरेथेनची घ्यावी.

१०० लिटरला सेकंदाला एक-दोन बुडबुडे इथून सुरुवात करावी, पण बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नये. लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम एवढं प्रमाण वनस्पतींना पुरतं. ते पाण्याचा सामू आणि कार्बोनेट कठीणपणा यांवरून काढतात. कठीणपणा ४ अंश, म्हणजे लिटरला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर ३० ची मर्यादा सामू ६.६ ला गाठली जाते. १२ अंशाच्या जड पाण्यात ती ७.१ लाच येते. शिरोळकडच्या क्षारपड भागात बोअरचं पाणी वापरणाऱ्यानं शेजाऱ्याचा आकडा उचलू नये, आपलं पाणी तपासून घ्यावं. टाकीत रंग बदलणारी छोटी काचेची कुपी, ड्रॉप चेकर, लावली तर रोजचं काम भागतं: निळा म्हणजे कमी, हिरवा ठीक, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तासभर तरी लागतो, तेवढं थांबूनच व्हॉल्वला हात लावावा.

रात्री वनस्पतीही श्वसनाने कर्बवायू सोडतात आणि प्राणवायू खातात. म्हणून दिवा लागण्याआधी तासभर वायू सुरू, दिवा मालवण्याआधी तासभर बंद. टायमरवरचा सोलेनॉइड हे काम करतो. बाटलीवाल्यानं रात्री हवेचा पंप चालवावा. सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर आधी वायू बंद करून हवेचा पंप लावावा, थोडं पाणी बदलावं, मग कारण शोधावं.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. जुन्या विहिरीत उतरताना जो धोका आपण ओळखतो, तोच बंद खोलीत गळणाऱ्या मोठ्या सिलिंडरचा असतो. तो झोपायच्या खोलीत ठेवू नये. खिडकीजवळ, भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवावा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती महिन्यातून एकदा पाहावी.