तापाच्या यादीत नसलेला विषाणू

गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यात ताप म्हटला की आधी मलेरिया तपासतात. ते योग्यच, कारण राज्यातील मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण गडचिरोली जिल्ह्यात सापडतात. आशाताई बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब किटवर टाकते आणि थोड्याच वेळात निकाल कळतो. तो निगेटिव्ह आला तर डेंग्यू, टायफॉइड, स्क्रब टायफस, लेप्टो अशी विचारणा पुढे सरकते. उंदरांपासून माणसात येणारे हंटा विषाणू मात्र या यादीत बहुधा नसतातच.

हे विषाणू उंदराच्या लघवीत, लेंड्यांत व लाळेत असतात. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. धानाची बंद कोठी झाडताना वाळलेली घाण धुळीबरोबर श्वासात जाते, तोच लागणीचा मुख्य मार्ग. लेप्टोही उंदराच्याच लघवीतून येतो, पण तो जिवाणू आहे, बांधीतल्या पाण्यातून व चिखलातून जखमेवाटे शिरतो आणि अँटिबायोटिकने बरा होतो. हंटाला असे खात्रीचे औषध नाही.

लक्षणांवरून दोन्ही वेगळे काढणे अवघड. ताप, डोके व कंबर दुखणे, प्लेटलेट कमी, लघवीत प्रथिने, वाढलेले क्रिएटिनिन हे सारे दोन्हींत दिसते. हा हंटाचा मूत्रपिंडांवर परिणाम करणारा प्रकार; दुसऱ्या प्रकारात फुप्फुसांत पाणी भरते. अशा रुग्णाला सलाइन जास्त झाले तर ते जिवावर बेतते. म्हणून निदान औषध नसतानाही कामाचे ठरते. त्याची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, एका प्रश्नाने होते: गेल्या दोन महिन्यांत कोठी किंवा बंद खोली झाडली होती का? लागणीनंतर लक्षणे दिसायला काही आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे रुग्ण आपणहून हे सांगत नाही.

ताप येईपर्यंत रक्तात आयजीएम प्रतिपिंडे बहुधा तयार झालेली असतात, म्हणून एलायझा ही पहिली चाचणी. विषाणू रक्तात फार दिवस टिकत नाही. आरटी-पीसीआर पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. एलायझा कधीकधी फसवते, कारण एका हंटा विषाणूची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. गोंधळाचा असला तरी हा गुण एकदा फार कामी आला. 1993 मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात तरुण माणसे श्वास कोंडून मरू लागली, तेव्हा आधीच ठाऊक असलेल्या हंटा विषाणूंच्या चाचण्यांनीच त्या नव्या विषाणूचा माग लागला.

भारताचा संबंध याहून जुना आहे. 1964 मध्ये तमिळनाडूत वेल्लोरजवळ थोट्टापालयम विषाणू सापडला, तोही उंदरात नव्हे, चिचुंद्रीत. आणि चिचुंद्री उंदरांच्या कुळातलीच नाही. तो हंटा गटातला आहे हे पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडले. माणसाला तो आजारी पाडतो हे सिद्ध झालेले नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांना मात्र तापाच्या रुग्णांत हंटाविरोधी प्रतिपिंडे आढळली आहेत.

पक्के निदान हवे असेल तर रक्त दोनदा घ्यावे लागते: आजाराच्या सुरुवातीला आणि दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडांची पातळी किमान चौपट वाढली, तर संसर्ग ताजा. तोवर ताप उतरलेला असतो, रुग्ण कामाला लागलेला असतो, आणि दुसरा नमुना बहुधा घेतलाच जात नाही.