बाटलीतली घोड, दगडाखालची घोड

घोडेगावच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘प्रदूषित नद्यांच्या यादीत आमची घोड नदी शिरूरला आहे, घोडेगावला नाही. मग आमच्याकडची नदी चांगली आहे, असं समजायचं का?’

यादीत नाव नसण्याची कारणं दोन असू शकतात. परीक्षा देऊन पास झालेला मुलगा नापासांच्या यादीत नसतो, आणि परीक्षेलाच न बसलेलाही नसतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातल्या नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे होते. त्यांतले 53 महाराष्ट्राचे, म्हणजे सर्वाधिक आपलेच. 2022 च्या अहवालात 603 नद्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी 279 नद्यांवर 311 पट्टे निघाले आणि महाराष्ट्राचा आकडा 55 वर गेला. बातम्यांमध्ये ‘पट्टा’ हा शब्द वाचला की कुणीतरी काठाकाठाने चालत जाऊन नदी पाहिली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ठरलेल्या ठिकाणी बाटली बुडवली जाते, त्या ठिकाणाचा आकडा येतो आणि दोन ठिकाणांच्या मधली रेघ नकाशावर ओढली जाते. जिथे बाटली बुडत नाही तिथली नदी चांगलीही नसते, वाईटही नसते. ती कोरी असते.

शिवाय ही परीक्षा मुख्यतः एकाच विषयाची आहे, बीओडीची. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात ते मोजायचं. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की यादीत नाव. 10 ते 20 च्या मधले तिसऱ्या गटात, आणि 2018 च्या यादीत शिरूरची घोड याच गटात होती.

या बीओडीची जन्मकथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ब्रिटनमध्ये 1898 साली सांडपाण्याच्या प्रश्नावर एक शाही आयोग नेमला गेला. आयोगाने दमाने काम केलं आणि 1912 सालच्या आठव्या अहवालात ही चाचणी पक्की केली. पाणी बाटलीत बंद करून पाच दिवस ठेवायचं आणि ऑक्सिजन किती घटला ते बघायचं. पाचच दिवस का? पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणारं उत्तर असं, की ब्रिटनमधली कुठलीही नदी पाच दिवसांत समुद्राला मिळते. त्यानंतरचं समुद्र बघून घेईल! तापमान ठरलं 65 अंश फॅरनहाइट, म्हणजे तिकडचा उन्हाळा.

आता आपली घोड बघा. ती उगम पावते आहुप्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या धारेवर. तिथून पश्चिमेला कडा सरळ कोकणात कोसळतो आणि समुद्र शंभर किलोमीटरच्याही आत आहे. नदी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. डिंभे, घोडेगाव, कळंब, शिरूर, चिंचणीचं घोड धरण, मग भीमा, उजनी, पुढे कृष्णा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि अखेर बंगालचा उपसागर. हजाराहून जास्त किलोमीटरची वाट, आणि मुक्काम इतके की पाच दिवसांची गोष्टच सोडा. यातलं कितीतरी पाणी वाटेतच उसात शिरतं आणि समुद्र कधी बघतच नाही.

आपल्या मानकांत आता ही चाचणी 27 अंश सेल्सिअसला तीन दिवसांची आहे, कारण उबेत जिवाणू भराभर खातात. उन्हाचा हिशेब आपण केला, वाटेचा केला नाही. त्याच आयोगाने सांडपाण्यासाठी घातलेली मर्यादाही एक गृहीत धरून होती. शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्यात नदीचं किमान आठपट पाणी मिसळेल, असं ते गृहीत. मे महिन्यात आपल्या एखाद्या नदीच्या पुलावर उभं राहून हे आठपट पाणी शोधून बघावं.

तरी बीओडी हे वाईट माप नाही. तापमापक कुठे वाईट असतो? पण अंगात ताप नाही म्हणून पाय मोडलेला नाही, असं थोडंच आहे?

आणि घोडेगावच्या नदीचं दुखणं पायाचं असण्याची शक्यता जास्त. वरच्या अंगाला डिंभे धरण आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर. तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव त्याच्याच पाण्याखाली आहे. धरणाच्या खालचं पाणी काचेसारखं स्वच्छ असू शकतं, बीओडी अगदी नाकासमोर चालणारा असू शकतो. पण ते पाणी कधी येणार हे ऋतू ठरवत नाही, आवर्तन ठरवतं. आवर्तन सुटलं की नदी वाहते, बंद झालं की दगड उघडे पडतात. धरणातलं काही पाणी तर डाव्या कालव्याने येडगावला, म्हणजे कुकडी नदीवरच्या धरणात जातं. खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. ढापे टाकले की नदीची वाहती धार मोडते आणि तिच्या जागी डबक्यांचा जिना तयार होतो. पहिल्या पावसात उलट्या दिशेने वर निघणारे चढणीचे मासे धरणाच्या भिंतीपाशी येऊन थांबतात. यातलं काहीही तीन दिवस बंद ठेवलेल्या बाटलीत दिसत नाही.

बाटलीऐवजी नदीतल्या रहिवाशांना विचारावं, ही कल्पना बीओडीइतकीच जुनी आहे. 1908-09 मध्ये कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी कोणत्या घाणीत कोणते जीव तग धरतात याची यादीच लावली. पुढे ब्रिटनमध्ये नदीच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांच्या कुळांना गुण दिले गेले. मेफ्लायच्या काही कुळांच्या पिल्लांना दहापैकी दहा, कारण ती ऑक्सिजन जरा घटला की मरतात. गांडुळाच्या जातभाईंना एक. कायरोनोमिड माश्यांच्या अळ्यांना दोन. या अळ्यांतल्या काही लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. गाळात उरलासुरला ऑक्सिजन धरून ठेवायची ही युक्ती. मला या अळ्यांचं फार कौतुक वाटतं, पण नदीत त्या एकट्याच उरल्या तर मामला कठीण आहे.

बाटली त्या क्षणाचं बोलते. रात्री कुणी टँकर रिकामा केला आणि सकाळपर्यंत पाणी वाहून गेलं, तर बाटलीला पत्ता लागत नाही. दगडाखालची पिल्लं मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहतात. त्यांचं नसणं हीच साक्ष असते.

हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. केंद्रीय मंडळानेच डच तज्ज्ञांच्या मदतीने यमुनेवर अभ्यास करून भारतासाठी जैविक निकष बसवले. निळ्यापासून लाल रंगापर्यंत पाच वर्ग आहेत आणि जीवांचे गुण व विविधता दोन्ही धरलेली आहेत. तरी बातमी होते ती बीओडीच्या यादीचीच. आकडा प्रयोगशाळेतून निघतो. किडा ओळखायला गुडघाभर पाण्यात उतरणारा आणि भिंगातून शेपट्या मोजणारा माणूस लागतो, आणि त्याची भरती निघत नाही.

युरोपने 2000 साली कायदा करून नदीच्या ‘पर्यावरणीय स्थिती’लाच निकष केलं. किडे, मासे, शेवाळ, पाणवनस्पती यांतला एकही विषय नापास, तर नदी नापास. 2015 पर्यंत सगळ्या नद्या ‘चांगल्या’ करायच्या होत्या. मुदत वाढत 2027 वर गेली, तरी निम्म्याहून कमी पाणीसाठे तिथवर पोचले आहेत. म्हणून तिकडचं सगळं आदर्श, असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक प्रश्न मात्र अचूक विचारला: माणसाचा फारसा हात लागला नव्हता तेव्हा या नदीत कोण राहत होतं? ते माहीत असल्याशिवाय ती किती ढळली हे सांगता येत नाही.

आणि इथे घोड नदी श्रीमंत आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी, विल्यम हेन्री साइक्स, 1824 पासून मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरत होता. काम शेती-लोकसंख्येच्या आकड्यांचं, पण हा पक्षी, प्राणी, मासे, सगळं टिपत गेला. दख्खनच्या माशांवरचं त्याचं लिखाण 1839 मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर त्याने ‘खुद्री’ या नावाने जगापुढे ठेवला. आजही त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे. आणि शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला त्याने नाव दिलं मुसुल्ला.

शिरूर म्हणजे तेच, यादीतलं. जुनी माणसं त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. नदीच्या नावाने ओळखलं जाणारं गाव, तिथूनच विज्ञानाला मिळालेला मासा, आणि आज त्याच ठिकाणी लिटरमागच्या मिलिग्रॅमचा हिशेब.

साइक्सचा मोठेपणा मान्य करून मला दुसऱ्याच माणसांबद्दल बोलायचं आहे. त्याने दिलेली नावं बघा: शिंगटी, मळ्या, कोळस, खुद्री. ही लॅटिन तर नाहीतच, त्याची स्वतःचीही नाहीत. घोड, भीमा, मुळा-मुठेवर जाळं टाकणाऱ्या माणसांनी हा मासा त्या माशाहून वेगळा आहे हे आधीच ठरवलेलं होतं. साहेबाने विचारलं, त्यांनी सांगितलं, साहेबाने रोमन लिपीत उतरवलं. वर्गीकरणाचं निम्मं काम काठावरच झालेलं होतं. शास्त्रीय नावाच्या मागे नियमाने साइक्सचं नाव आणि साल लागतं. ज्यांनी मासा ओळखून दिला त्यांच्या नावांचा मात्र मागमूस नाही.

मुसुल्लाची गोष्ट इथे संपत नाही. मूळ नमुना आज हाती नाही, उरलं ते वर्णन. त्यामुळे दीर्घकाळ त्याला महसीरांच्या घोळक्यात टॉर म्हणून बसवलं गेलं. अलीकडे संशोधकांनी तपासून सांगितलं, की हा महसीर नव्हेच, हा हिप्सेलोबार्बस. म्हणजे मधली सगळी वर्षं कुणी नदीत ‘मुसुल्ला’ मोजला असेल, तर नेमका कुठला मासा मोजला?

नाव पक्कं करणाऱ्यांची किंमत इथे कळते. असंच दुसरं एक नाव हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांचं. दगडाला हात लावला की जो बुळबुळीत थर लागतो, त्यात डायटम असतात: काचेच्या डबीत राहणारं एकपेशीय शेवाळ. पाण्याचा खारेपणा, खतांचा अंश, सगळ्याची चव त्यांना कळते. नदीच्या तब्येतीसाठी जगभर त्यांचाही आधार घेतात. गांधींनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कोल्हापूर आणि सह्याद्रीच्या परिसरातले डायटम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाताने रेखाटले आणि कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. त्यांनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या एका प्रजातीच्या जाती आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असलेले बी. कार्तिक आणि अमेरिकेतले कोचिओलेक यांनी 2012 मध्ये पुन्हा तपासल्या. पन्नासेक वर्षांनंतरही कुणाच्या तरी चित्रांशी ताडून बघावंसं वाटणं, याहून मोठी पावती कोणती? बाहेर मात्र हे नाव कुणाला सांगा, लोक दुसऱ्याच गांधींबद्दल विचारतात.

आता उपग्रह, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी देशभरच्या नद्यांचा नकाशा बसल्या जागी तयार होईल, अशी हवा आहे. उजनीवरची जलपर्णी उपग्रहातून सुरेख दिसते, खोटं नाही. पण सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा. उन्हाळ्यातली घोड अशा दोन-तीन ठिपक्यांत आटोपते, आणि मेफ्लायचं पिल्लू दगडाच्या खालच्या अंगाला असतं. पाण्यातला डीएनए गाळून मासे ओळखण्याचं तंत्र मला खरोखर आवडतं, पण ते शेवटी आपल्या यादीशीच पडताळून बघतं. यादीत मुसुल्ला चुकीच्या खणात असेल, तर यंत्रही तो चुकीच्याच खणात टाकणार, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

डिंभ्याच्या जलाशयातल्या मासेमारीवरूनही नदीची तब्येत ठरत नाही. धरणाने उठवलेल्या आदिवासींनी सहकारी संस्था उभारून मासेमारीचा हक्क मिळवला. त्यांच्या पाठीशी राहिलेल्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय इक्वेटर पुरस्कार मिळाला. ते काम मोलाचं आहे. पण जलाशयांत बीज सोडून वाढवले जाणारे कटला आणि रोहू हे गंगेकडचे मासे. टोपली भरली म्हणजे घोड नदी बरी झाली, असा निष्कर्ष त्यातून काढता येणार नाही.

मग वाचकाच्या प्रश्नाचं काय? दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांसाठी एक सोपी पद्धत आहे, मिनीसास. किड्यांचे फक्त तेरा गट ओळखायचे, गुण मांडायचे, सरासरी काढायची. ती जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही. आपला पावसाळा तळाचे दगडच उलटेपालटे करतो. म्हणून दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, आवर्तनाचा जोर नसताना जावं. वाहत्या पाण्यातला नारळाएवढा दगड पांढऱ्या थाळीवर उचलावा. तीन शेपट्यांचं चपटं पिल्लू सरसरत पळालं तर बहुधा मेफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेली नळकांडी दिसली तर कॅडिसफ्लायचं घर. नुसत्या लाल अळ्या वळवळल्या, तर यादीत नाव नसल्याचं समाधान आवरतं घ्यावं. दगड होता तसा, त्याच जागी ठेवावा.

आणि एक काम माझ्यासाठी. घोडेगाव, कळंब, निरगुडसर, पारगावकडे जाळं टाकलेली जुनी माणसं अजून असतील. धरणाआधी नदीत कोणते मासे मिळत, त्यांची नावं त्यांच्याच उच्चारात लिहून पाठवा. शुद्धलेखन सुधारू नका. साइक्सनेही सुधारलं नव्हतं.