वैमानिकाची झोप, प्रवाशांचा जीव

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर प्रवाशांचे जे हाल झाले त्यांचा विसर आमच्या वाचकांस पडला नसेल. ५ डिसेंबर रोजी तर एका दिवसात इंडिगो कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक ज्या एका कंपनीच्या विमानांनी जातात, ती कंपनी लंगडली म्हणजे सारी वाहतूकच लंगडते. त्या संतापाच्या भरात एक समजूत मात्र रूढ होऊन बसली. वैमानिकांना अधिक विश्रांती देणारे नवे नियम आले आणि म्हणून विमाने जमिनीवर राहिली, अशी ती समजूत होय. ती चुकीची आहे, आणि तशीच राहू देणे धोक्याचे आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार पहिल्या पानावर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे नियम काही एका रात्रीत अवतरले नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते ८ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले. त्यांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. कामाच्या हिशेबातली रात्र पहाटे पाचला संपत असे, ती सहापर्यंत वाढविली. रात्रपाळीत सहा वेळा विमान उतरविण्याची जी मुभा होती ती दोनवर आणली. १ जून २०२४ पासून व्हावयाचा अंमल कंपन्यांच्या हरकतींमुळे लांबला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे तयारीसाठी कंपन्यांना जवळजवळ बावीस महिने मिळाले. आपला अंदाज आणि नियोजन चुकल्याचे खुद्द कंपनीनेही महासंचालनालयापुढे मान्य केले. असे असता सरकारने केले काय? रात्रपाळीच्या काही अटींतून त्याच कंपनीस १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली! रेड्याला रोग आणि पखालीला डाग म्हणतात तो हाच प्रकार.

अडकलेल्या प्रवाशांना घरी पोहोचविणे हे सरकारचे कर्तव्य होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नियम पाळला तर उड्डाणे बंद पडतात, आणि उड्डाणे बंद पडली की नियम सैल होतो, हा धडा एकदा गिरविला गेला की पुढची कंपनी तयारी करण्याच्या भरीस पडेलच कशाला?

वैमानिकास उड्डाणापूर्वी नळीत फुंकावे लागते. त्याच्या श्वासात मद्याचा अंश आढळला तर त्यास विमानाजवळ फिरकू दिले जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यशक्ती रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. मद्य शोधणारी नळी आहे; झोप मोजणारी नळी नाही. तिचे काम नियमालाच करावे लागते. पहाटे दोन ते सहा या वेळात मनुष्याचे शरीर निद्रेकडेच ओढ घेते, मग तो कितीही अनुभवी आणि कर्तव्यदक्ष असो.

याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्रभर प्रवास करून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ मृत्यू पावले. मुख्य वैमानिक वाटेत दीड तासाहून अधिक काळ झोपला होता आणि त्याच्या घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आढळला, असे चौकशीत दिसून आले. झोपेतून उठल्यावरची बधिरता त्याच्या निर्णयास भोवली असावी, असेही चौकशी न्यायालयाने नमूद केले.

विश्रांतीचे तास कागदावर मांडले म्हणजे झोप मिळाली असे होत नाही. परगावी मुक्कामास राहणारा वैमानिक पहाटे उतरून हॉटेलात पोहोचतो तेव्हा इतरांचा दिवस सुरू झालेला असतो. दारात पाहुण्यांची वर्दळ, खिडकीत ऊन आणि रस्त्याचा गोंगाट. हिशेबात त्याची विश्रांती चालू असते. डोळा मात्र लागत नाही. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन कंपनीचे विमान पडून ५० जण दगावले. त्या विमानाची सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून देश ओलांडून नुआर्कला आली होती आणि तेथील कर्मचाऱ्यांच्या खोलीतच तिने डुलकी घेतली होती. २०१४ साली अमेरिकेत अमलात आलेल्या नियमांनी कामापूर्वी दहा तासांची विश्रांती, आणि तीत सलग आठ तास झोपेची संधी, बंधनकारक केली. नियमात झोपेचे नाव घेतले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

लाखांनी पगार घेणाऱ्यांचे हे लाड कशाला, असे कोणी म्हणेल. पगाराने पलंग विकत घेता येतो, झोप नव्हे. आणि या पगाराची शाश्वती तरी काय? १५ जानेवारी २००९ रोजी हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचविणारे कॅप्टन सलेनबर्गर पुढच्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष देत होते. आपला पगार चाळीस टक्क्यांनी घटला आणि निवृत्तिवेतन जाऊन त्याच्या जागी तुटपुंजी हमी उरली, असे त्यांनी सांगितले. आपल्या मुंबईचीच जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली तेव्हा वैमानिकांचे पगार कित्येक महिने थकलेले होते. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांच्यासाठी कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. शिवाय १ सप्टेंबर २०१४ नंतर नोकरीस लागलेल्या आणि दरमहा १५ हजारांहून अधिक वेतन घेणाऱ्या नवागतांस कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे दारच बंद झाले.

म्हातारपणाची चिंता आणि विमानाची सुरक्षितता यांचा संबंध काय, असे विचाराल, तर तो अगदी निकटचा आहे. वैमानिकाचा परवाना ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीवर टांगलेला असतो. तो गेला की उत्पन्न गेले. ज्याच्या मागे काही आधार नाही तो आपला थकवा बोलून दाखवील की लपवील? ‘आज मी थकलो आहे, उड्डाण करणार नाही’ असे निर्भयपणे म्हणू शकणारा वैमानिक हेच प्रवाशाचे खरे संरक्षण आहे.

म्हणून आमचे सरकारला सांगणे स्पष्ट आहे. विश्रांतीच्या नियमांतून एखाद्या कंपनीस सोयीपुरती सूट देण्याची प्रथा कायमची बंद करावी. कंपनीजवळ वैमानिक कमी असतील तर उड्डाणे कमी करावीत. थकव्याच्या तक्रारी कंपनीकडे नव्हे, तर स्वतंत्र यंत्रणेकडे जाव्यात आणि तक्रार करणाऱ्यास शिक्षा होऊ नये. मुक्कामाच्या खोल्यांची शांतता व अंधार यांसाठी तपासणी व्हावी. उपदानाची रक्कम कंपनीच्या तिजोरीपासून अलग ठेवण्याची सक्ती करावी, म्हणजे कंपनी बुडाली तरी श्रमाची कमाई बुडणार नाही.

यामुळे तिकीट थोडे महागेल, कदाचित काही उड्डाणे घटतील. तो भार प्रवाशांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, कुरकुर न करता सोसला पाहिजे. मध्यरात्रीच्या स्वस्त तिकिटाची जी बचत आपण मोजतो, ती कोणाच्या झोपेतून कापली जाते, याचा विचार विमानात पाऊल टाकण्यापूर्वीच केलेला बरा.