‘निव्वळ एनपीए शून्य’ वाचताना

मार्च सरला की सहकारी बँकांच्या जाहिराती झळकू लागतात. ठेवी अमुक कोटी, ऑडिट वर्ग ‘अ’ आणि ठळक अक्षरांत ‘निव्वळ एनपीए शून्य टक्के’. मंचर-नारायणगावच्या ठेवीदाराला शेवटचा आकडा सर्वांत दिलासा देतो. पण एकट्या त्यावरून फार काही कळत नाही.

समजा, दोन बँकांची कर्जं प्रत्येकी 100 कोटींची. एकीत 2 कोटी थकले, दुसरीत 9. दोघींनीही थकीत रकमेइतकी तरतूद नफ्यातून केली, की निव्वळ एनपीए दोन्हीकडे शून्य! फरक कळतो तो ढोबळ एनपीएत, म्हणजे तरतूद वजा करण्याआधीच्या थकीत कर्जात. दुसरीनं तरतूद चोख केली खरी. कर्ज देताना पारख चुकली का, हे मात्र विचारावंच लागतं.

थकीत कधी म्हणायचं, याचेही नियम आहेत. एरवी 90 दिवस हप्ता किंवा व्याज रखडलं की कर्ज एनपीए होतं. कमी मुदतीच्या पिकांना मात्र दोन हंगामांची सवड मिळते. त्यामुळे जुन्नर-आंबेगावात यंदा टोमॅटो-कांद्याचे भाव पडले, तरी ताळेबंदात ते उशिरा दिसतं.

म्हणूनच तुलना बरोबरीच्या बँकांत हवी. 1917 साली स्थापन झालेली पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक विकास सोसायट्यांमार्फत पीककर्ज देते. नारायणगावची लाला अर्बन ही नागरी बँक. दोघींना एकच फूटपट्टी चालत नाही. नागरी बँकांतही रिझर्व्ह बँकेनं आकारानुसार चार स्तर केले आहेत. जोखीमभारित मालमत्तेच्या प्रमाणात किमान भांडवल लहान, एकाच जिल्ह्यापुरत्या बँकांना 9 टक्के लागतं, तर मोठ्यांना मार्च 2026 पर्यंत 12 टक्के गाठायचं होतं.

गुणोत्तर चांगलं, म्हणून बँक चांगली? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेनं मार्च 2019 अखेर ढोबळ एनपीए 3.76 टक्के आणि भांडवल 12.62 टक्के दाखवलं होतं. सहा महिन्यांत, 23 सप्टेंबरला, तिच्यावर निर्बंध आले. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे हजारो कोटी अडकले होते आणि ते हजारो बनावट खात्यांआड दडवले होते. आकडेच खोटे, तर भागाकार काय करणार?

एकाच कर्जदारावरचा असा भार एनपीएच्या टक्केवारीत दिसत नाही. त्यासाठी वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या टिपा उघडाव्या लागतात. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती वाटा आहे, हे तिथं द्यावं लागतं.