मारुंजीचा वळीव आणि घरचा पीसी

मारुंजी-हिंजवडीत घरून काम करणाऱ्यांनो, वळवाचे ढग दाटले की आधी पीसीचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. विजेचा झटका तिच्यातूनही मदरबोर्डपर्यंत पोचतो, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

स्पाइक गार्ड कायमचा नसतो. त्यातला एमओव्ही नावाचा भाग प्रत्येक झटका पचवताना थोडा झिजतो. शिवाय अर्थिंग नसेल तर त्याचं निम्मं बळ गेलंच. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? मग अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा.

आपल्याकडे चहूकडे बांधकामं. सिमेंटची बारीक धूळ हीटसिंकमध्ये बसते आणि पावसाळी दमट हवेत घट्ट चिकटते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

गेल्या जूनमध्ये माझा पीसी चालू व्हायचा, पण स्क्रीन काळीच. प्लग काढला, रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसून परत बसवली आणि चित्र आलं! पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.